लहानपणीची मारधाड-कॉमेडी पुन्हा बघताना: काय टिकलं, काय पडलं?

चाळकरी

मारामारी आणि विनोद एकत्र असलेले जुने चित्रपट आणि मालिका पुन्हा बघायला घेतल्या की बहुतेक वेळा माझी निराशा होते. ती नेमकी कशामुळे होते, ते मला समजून घ्यायचंय, म्हणून हा धागा. सध्या लेकीबरोबर (इयत्ता पाचवी) शनिवार-रविवार हाच उद्योग चालू आहे, त्यामुळे बरंच काही ताजं आहे डोक्यात.

‘तंत्र जुनं झालं’ हे उत्तर मला पटत नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) घ्या. तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला आहे हे लेकीला पहिल्या मिनिटाला कळलं. तरीही ती उशी धरून बसली आणि त्याच वेळी खदखदून हसतही होती. बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटातली. पण इथे लक्ष्या स्वतः बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा आहे. म्हणजे ज्याचं पोट बाहुल्यावर चालतं त्यालाच बाहुला छळतो. ही भर आपल्या लोकांची, आणि चित्रपट तिच्यावरच उभा आहे. आज तंत्र कितीही पुढे गेलं असलं तरी त्यात काही कमी वाटत नाही.

मग पडतं कुठे? त्या काळच्या बऱ्याच चित्रपटांत हसवणारा माणूस एक आणि मारामारी करणारा दुसरा. फाइट सुरू झाली की विनोद बाजूला उभा राहतो. गोदामात पिंपं, खोकी, एकामागून एक उडणारे गुंड, दहा-दहा मिनिटं. लहानपणी मी याच भागाची वाट बघायचो. आता तिथे हात आपोआप रिमोटकडे जातो, आणि लेक तर सरळ उठून पाणी प्यायला जाते.

याउलट ‘दे दणादण’ (१९८७). लक्ष्या साधा हवालदार, त्याला मारुतीच्या कृपेने अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. या एका नियमामुळे प्रत्येक हाणामारीत आपण गुंडाच्या शर्टाचा रंग बघत बसतो. फाइट आणि विनोद वेगळे राहतच नाहीत. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ‘मिस्टर इंडिया’तही अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसायला लागतो. दोन्हीकडे नायकाला घाबरायला कारण आहे.

माझं मत असं: नायक स्वतः मार खातो, घाबरतो, धडपडतो, तिथे विनोद टिकलाय. नायक दुसऱ्या कुणाला, विशेषतः स्वतःपेक्षा दुबळ्या माणसाला, मारून किंवा खिजवून हसवतो, तिथे तो मेलाय. जॅकी चॅनच्या ‘पोलिस स्टोरी’त (१९८५) ही दोन्ही टोकं आहेत. शेवटची मॉलमधली हाणामारी, काचांचा खच, दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून त्याचं घसरणं, हे आजही श्वास रोखून बघावं लागतं. पण त्याची मैत्रीण मे हिला ज्या पद्धतीने वागवलंय, तोंडावर केक काय, ताटकळत ठेवणं काय, ते बघताना लेकीने विचारलं, “तो हिला सॉरी का म्हणत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. मालिकाही चालतील. पण ‘जुनं ते सोनं’ एवढंच लिहू नका, नक्की काय टिकलं आणि का, ते सांगा.

---

अर्धातिकीट

चांगला विषय. माझी सर्वात मोठी निराशा ‘बडे मियाँ छोटे मियाँ’ (१९९८). तो आणि ‘कुछ कुछ होता है’ एकाच शुक्रवारी लागले होते आणि आमच्या घरात कुठला बघायचा यावरून दोन तट पडले होते. आम्ही भावांनी हट्टाने अमिताभ-गोविंदा बघितला आणि घरी येऊन आठवडाभर त्यांच्या नकला केल्या. मागच्या महिन्यात पुन्हा लावला, तर दोघांचे दुहेरी गोंधळ चालू असेपर्यंत मजा आली. खलनायकाची गोष्ट सुरू झाली की ओसरलीच. गोविंदाचं टायमिंग मात्र अजून तसंच्या तसं आहे, त्याला तोड नाही.

---

पार्लेकरीण

चाळकरी, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मला सविस्तर लिहायची आहे.

तुम्ही म्हणता की हे ‘आता’ खटकतं. आम्हा मुलींना ते तेव्हाही खटकत होतं. नायक आणि त्याचा विनोदी मित्र नायिकेच्या मागे सायकलवरून, मोटारसायकलवरून फिरतात, वाट अडवतात, ओढणी ओढतात, आणि थिएटर हसतं. त्याच थिएटरात आम्हीही बसलेलो असायचो. बाहेर पडल्यावर स्टेशनच्या पुलावर तीच गाणी, तेच संवाद आमच्या मागे यायचे. ऐंशी-नव्वदच्या दशकात पार्ले ते चर्चगेट कॉलेजला जाणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. त्यामुळे पुन्हा बघताना माझी ‘निराशा’ होत नाही. तेव्हा जे बोलता येत नव्हतं ते आता बोलता येतं, एवढाच फरक.

म्हणून ‘काळ तसा होता’ हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. त्याच काळात लोकांनी वेगळंही केलंय. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) बघा. दोन पुरुष साडी नेसून वावरतात, आणि हसू येतं ते त्यांच्या फजितीचं: साडी सांभाळताना उडणारी तारांबळ, घरमालकिणीचं वाढत जाणारं प्रेम, एका खोटाला झाकायला दुसरं खोटं. मुळात त्यांना हे करावं लागतं कारण डोक्यावर छप्पर नाही. खोली मिळवण्यासाठी माणूस काय काय करतो हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. गोष्ट ‘बीवी और मकान’ (१९६६) या हृषिकेश मुखर्जींच्या चित्रपटावरून घेतलेली आहे, पण मराठीत ती इतकी मुरली की मूळ चित्रपट फार थोड्यांना आठवतो. त्यातलेही काही विनोद आज मी लिहिले नसते. पण पाया भक्कम आहे, म्हणून माझ्या मुलांनाही तो पाठ आहे.

आणि ‘जाने भी दो यारों’ (१९८३). स्केट्सवरचं प्रेत, शेवटी महाभारताच्या रंगमंचावर सगळ्यांची घुसाघुसी. धावपळीच्या विनोदाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. राग कोणावर? बिल्डर, महापालिका आयुक्त, लाच देणारे आणि घेणारे. मार कोण खातं? दोन गरीब छायाचित्रकार. तुमच्या कसोटीत तो तंतोतंत बसतो.

---

भारतमाता_बाल्कनी

नमस्कार मंडळी. माझं वय साठीपलीकडचं, आयुष्य लालबागमध्ये गेलं. वरचे प्रतिसाद वाचले. पार्लेकरीण ताईंशी पूर्ण सहमत. चाळकरी, तुम्हाला मात्र एक सांगावंसं वाटतं.

हे चित्रपट तुम्ही घरी, दोघंतिघं बसून बघताय. ते त्यासाठी बनलेले नव्हते. लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ, शरद तळवलकर, सुधीर जोशी ही सगळी नाटकातली माणसं. ‘टूरटूर’ मी साहित्य संघात बघितलंय. लक्ष्या वाक्य टाकायचा आणि थांबायचा. हशा उठायचा, वर जायचा, उतरायला लागायचा, आणि नेमका त्या क्षणी पुढचं वाक्य. हशा घेणं ही नाटकातल्या नटाची विद्या. चित्रपटात आल्यावरही त्यांनी ती जागा सोडली, कारण भारतमाता किंवा प्लाझामध्ये हजारभर माणसं ती जागा भरून काढणार हे त्यांना ठाऊक होतं. आता तुमच्या दिवाणखान्यात त्या जागी काहीच येत नाही. वाक्य संपतं, नट क्षणभर थांबलेला दिसतो, आणि तुम्हाला वाटतं चित्रपट संथ आहे.

फाइटचंही तसंच. पडद्यावर मारामारी सुरू झाली की स्टॉलमधली पोरं उभी राहायची, शिट्ट्या, आरडाओरडा. गिरणीतून सुटलेला माणूस दिवसभराचा शीण तिथे काढायचा. दहा मिनिटांची फाइट आम्हाला दोन मिनिटांची वाटायची.

---

चाळकरी

काका, हशाच्या जागेचा मुद्दा मी कधीच ऐकला नव्हता. ‘धूमधडाका’ (१९८५) लगेच आठवला. लक्ष्या शरद तळवलकरांना भयपटाची गोष्ट सांगतो तो प्रसंग. खरं तर तो प्रसंग ‘प्यार किये जा’तून (१९६६) आलेला, तिथे मेहमूद आणि ओमप्रकाश. पण तळवलकरांचा घाबरत जाणारा चेहरा आणि लक्ष्याने तोंडाने काढलेले आवाज, बस. ना सेट, ना बंदूक. लेकीने तो लागोपाठ परत परत लावायला लावला.

फाइटबद्दल मात्र मला अजून तसं वाटत नाही. शिट्ट्यांनी लांबलेली फाइट सुसह्य होते हे खरं. पण मॉलमधली जॅकीची हाणामारी मी एकट्याने, रात्री, आवाज कमी करून बघितली, तरी पकडून ठेवते. म्हणजे गर्दी नसतानाही काहीतरी काम करतंच. ते काय?

---

संकलक_अंधेरी

मी संकलनाच्या कामात आहे (बऱ्याच मालिका, थोडे चित्रपट), तर याचं उत्तर माझ्या बाजूने देतो.

जॅकीची मारामारी बघताना कॅमेरा मागे असतो. दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, आणि क्रिया एका तुकड्यात पूर्ण होते: खुर्ची उचलली, फिरवली, लागली, समोरचा पडला. आपल्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही कमी. फाइट मास्टरला मिळायचे एक-दोन दिवस. मग हात उगारलेला एक शॉट, तोंड वळवलेला दुसरा, मध्ये ‘ढिशुम’. ठोसा प्रत्यक्षात कुठेच दिसत नाही, तो आवाजात असतो. थिएटरच्या मोठ्या स्पीकरवर तो आवाज अंगावर यायचा. फोनवर येत नाही, मग उरतात नुसते दोन तुकडे.

विनोदालाही हाच नियम लागू आहे. बस्टर कीटनच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो खिडकीच्या भोकातून वाचतो. एकच शॉट, माणूस आणि भिंत एकाच चौकटीत. तुकडे केले असते तर कुणी हसलंही नसतं आणि घाबरलंही नसतं. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) जॅकी घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतं फाडत खाली येतो, तेही असंच. घड्याळाला लोंबकळण्याची कल्पना हॅरॉल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट’ची (१९२३). शेवटच्या नामावलीत चुकलेले, लागलेले प्रसंग दाखवण्याची त्याची पद्धत ‘कॅननबॉल रन’वरून (१९८१) आलेली. ते बघितल्यावर प्रेक्षकाला खात्री पटते की पडणारा हाच होता, डुप्लिकेट नव्हता. चाळकरी, तुमचं ‘नायकाने स्वतः मार खाल्ला पाहिजे’ हे मत मी असं मांडेन: त्याने तो आमच्या डोळ्यांसमोर, न कापता खाल्ला पाहिजे.

आता दोन गोष्टी ज्यांचा दोष चित्रपटाचा नाही.

पहिली, गती. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं, सेकंदाला २५. चित्रपट टीव्हीवर आणताना तो सरळ २५ ने चालवायचे. म्हणजे सगळं चार टक्क्यांनी जलद आणि आवाजही किंचित वरच्या पट्टीत. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपायचा. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट बघून मोठे झालेल्या आपल्या पिढीच्या कानात आणि डोळ्यांत तो वेग बसलाय. आता स्वच्छ केलेली प्रत मूळ वेगाने बघितली की थोडी जड वाटणारच. विनोदात तेवढाही फरक जाणवतो.

दुसरी, चौकट. ‘धडाकेबाज’ (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून ओळखला जातो. म्हणजे पडदा उंचीच्या सुमारे सव्वादोन पटींहून जास्त रुंद. जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी काचेवर तो भरून बसवायचा तर चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कापावं लागतं. नेटवर फिरणाऱ्या अनेक प्रती त्या कापलेल्या कॅसेटवरून केलेल्या आहेत. लक्ष्या एका कडेला, समोर दुसऱ्या कडेला गुंड, आणि तुम्हाला दिसतंय फक्त मधलं झाड! त्यातल्या खलनायकाबद्दल, कवट्या महाकालबद्दल, मत बनवण्याआधी पूर्ण रुंदीची प्रत मिळवून बघा, एवढी कळकळीची विनंती.

---

अर्धातिकीट

हे चार टक्के प्रकरण वाचून मी खरंच चकित झालो. ‘धूमधडाका’ वेग वाढवून बघून इथे लिहितो.

---

दोनचॅनल

मालिकांकडे कुणीच वळलं नाही म्हणून मी.

‘नाइट रायडर’ (१९८२–८६). केबल आल्यावर आमच्या दादरच्या चाळीत एका घरी सगळी मुलं जमायची. बोलणारी काळी गाडी, पुढे डावी-उजवीकडे पळणारा लाल दिवा. मागच्या वर्षी दोन-तीन भाग सलग लावले. तिसऱ्या भागात लक्षात आलं की गोष्ट तीच आहे: संकटातली बाई, गावातला श्रीमंत गुंड, ट्रकवरून गाडीची उडी. ‘ए-टीम’चंही (१९८३–८७) तसंच. शेकडो गोळ्या सुटतात, जीप कोलांट्या खाते आणि आतली माणसं अंग झटकत बाहेर येतात. लहानपणी हे दिलासा देणारं होतं, आता त्यात धोकाच उरत नाही.

पण मला वाटतं दोष आपल्या बघण्याच्या पद्धतीचाही आहे. या मालिका आठवड्याला एक अशा मापाने शिवलेल्या. मधले सहा दिवस आपण मैदानात ती गोष्ट खेळायचो, त्यात आपल्या मनाची भर घालायचो, आणि पुढच्या भागात तीच उडी बघायला आतुर असायचो. एका बैठकीत सहा भाग बघणारा माणूस लेखकाच्या कल्पनेत नव्हताच. ‘स्ट्रीट हॉक’चा (१९८५) तर एकच हंगाम निघाला, पण दूरदर्शनवर बघितलेल्या कुणालाही विचारा, ती मोटारसायकल वर्षानुवर्षं चालू होती असंच सांगेल.

‘सीआयडी’बद्दल मात्र वाईट वाटतं. १९९८ ते २०१८, वीस वर्षं. सुरुवातीच्या भागांत तपास हा तपास होता. शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न त्याआधी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’मध्ये बघितलेल्या पोलिसाचा सख्खा भाऊ वाटायचा: थकलेला, विचार करणारा, मुंबईच्या रस्त्यांवर वावरणारा. पुढे दरवाजा तोडणं आणि फ्रेडीचे विनोद एवढंच उरलं. पहिल्या वर्षांचे भाग बघून मग नंतरचे बघा, एका चांगल्या मालिकेचं काय झालं ते कळतं.

---

अर्धातिकीट

दोनचॅनल, सीआयडीवर एवढं कठोर नको. माझी आजी शेवटपर्यंत फ्रेडीसाठी मालिका बघायची. फ्रेडी करणारे दिनेश फडणीस गेले (डिसेंबर २०२३) तेव्हा आमच्या घरात खरोखर कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. तो माणूसही भुताला घाबरणारा, बायकोला घाबरणारा पोलिस होता. चाळकरींच्या कसोटीला उतरतो की! आणि २००४ चा तो एका शॉटमधला १११ मिनिटांचा भाग विसरलात? न कापता केलेलं काम म्हणजे काय ते तिथे आहे. संकलकांनी त्यावर लिहावं.

---

संकलक_अंधेरी

तो भाग माझ्या क्षेत्रातल्या माणसाला नम्र करतो. जवळजवळ दोन तास कॅमेरा न थांबता, नट, दिवे, आवाज, वायरी ओढणारी पोरं सगळ्यांनी एकाच वेळी बरोबर राहायचं. गोष्ट म्हणून फार ताणलेली आहे, मध्ये रेंगाळते. पण दर आठवड्याच्या मालिकेच्या घाईत हे करायचं धाडस केलं, याचा मला आदर आहे.

---

पार्लेकरीण

फ्रेडीबद्दल सहमत, पण ‘बायकोला घाबरणारा’ हा विनोद मला अजूनही आळसाचा वाटतो. बायकोची बाजू न दाखवता तिच्यावर हसायचं. ‘करमचंद’मधली त्या गुप्तहेराची मदतनीस किट्टी आठवते? १९८५ मध्ये तिला प्रत्येक भागात गप्प बसवायचे. सुष्मिता मुखर्जींनी ती भूमिका इतक्या जिवंतपणे केली म्हणून किट्टी लोकांच्या लक्षात राहिली. पंकज कपूरांचं गाजर खाणं आजही छान वाटतं. तिला गप्प करणं नाही वाटत. दोन्ही एकाच प्रसंगात आहेत, म्हणून ती मालिका मला पूर्ण टाकताही येत नाही आणि मनापासून आवडूही शकत नाही. ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) याउलट मी निःशंक मनाने कुणालाही बघायला सांगेन. बासू चटर्जींनी तिथे ब्योमकेशच्या बायकोला, सत्यवतीला, बुद्धी असलेली बाई म्हणून वागवलंय.

---

चाळकरी

इतके चांगले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. पार्लेकरीण, ‘आता खटकतं’ आणि ‘तेव्हाही खटकत होतं’ यातला फरक मी लेकीलाही सांगितला. तिने लगेच तिच्या वर्गातल्या दोन मुलांची नावं घेतली, ती वेगळी चर्चा आता घरी चालू आहे.

भारतमाता काका, तुमचं म्हणणं तपासून बघायचं ठरवलंय. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गणपतीत एक रात्र चित्रपटाची असते. या वर्षी पडदा, चांगले स्पीकर आणि शे-सव्वाशे माणसं जमवून ‘धडाकेबाज’ पूर्ण रुंदीत लावायचा विचार आहे. संकलक, गच्चीवर लावताना काय काळजी घ्यावी? आणि लहान मुलांसाठी आधी अर्धा तास दुसरं काही लावायचं तर काय?

---

संकलक_अंधेरी

पडद्याची उंची कमी चालेल, रुंदी कमी करू नका. वर-खाली काळे पट्टे येऊ देत. टीव्हीतलं किंवा प्रोजेक्टरमधलं ‘मोशन स्मूथिंग’ (मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल सलग करणारी सोय) आठवणीने बंद करा, नाहीतर जुना चित्रपट बातम्यांसारखा गुळगुळीत दिसतो आणि फाइटमधली सगळी फसवाफसवी उघडी पडते. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्या पट्टीच्या आवाजाला जोर द्या, कारण जुन्या मराठी चित्रपटांत संवादच सगळं आहे. दहाच्या आत संपवा, नाहीतर खालचे लोक तक्रार करतील.

मुलांसाठी ‘प्रोजेक्ट ए’मधला सायकलींचा पाठलाग आणि त्यापुढचा मनोरा, एवढाच तुकडा. भाषा कळायची गरज नाही. वेळ उरला तर कीटनची भिंत.

---

भारतमाता_बाल्कनी

तारीख कळवा. मी लालबागहून येईन, आणि आमचे दोन-तीन जुने मित्रही आणेन. शिट्टीची जबाबदारी आमच्याकडे.